ॲरनच्या शेजारची जागा

मी, डेल्मर ऑर्विन रोस्टाद, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार स्टावेन, आयोवा राज्य, पूर्वी पायदळात सार्जंट आणि त्यानंतर चाळीस वर्षे करवतींना धार लावून व गवत कापायची यंत्रे दुरुस्त करून पोट भरलेला इसम, हे शेवटचे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी डॉक्टरने मला आजचा वार, गावाचे नाव आणि देशाच्या अध्यक्षाचे नाव विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. तिसऱ्या उत्तरानंतर मी आणखी थोडे बोललो, ते त्याने लिहून घेतले नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणावे इतके जवळचे माणूसच शिल्लक नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी रद्द करतो. दोन्ही रागाच्या भरात केली होती. हेही रागातच करतो आहे, पण या खेपेला राग कोणावर आहे ते मला नीट ठाऊक आहे.

व्यवस्थापक म्हणून गावातली वकील बेथ ओपडाल हिला नेमतो. ती चाळिशीची आहे, हुशार आहे आणि माझ्याशी वाद घालायला घाबरत नाही. मी सांगेन ते तिने जसेच्या तसे लिहायचे असे आमचे ठरले होते. पहिल्याच पानावर तिने पेन खाली ठेवले.

"डेल्मर, मृत्युपत्रात शिव्या नाही घालायच्या."

"मग कशात घालू? चर्चच्या पत्रकात?"

"हे कोर्टात जाईल. न्यायाधीश वाचतील."

"वाचू दे की. त्यालाही रोज काय तेच तेच वाचायचं."

शिव्या तिने गाळल्या. बाकी सगळे ठेवले आहे, म्हणून यात जे कडू लागेल ते माझे समजावे.

वादाची वस्तू एकच आहे, ती आधी सांगतो. स्टावेनच्या लूथरन चर्चमागच्या दफनभूमीत नवव्या ओळीत मी आणि माझी तेव्हाची पत्नी लावॉन यांनी शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या होत्या, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. त्यातल्या एकीत आमचा एकुलता मुलगा ॲरन आहे. तो चोवीस वर्षांचा असताना इराकमध्ये रस्त्यावर पेरलेल्या बॉम्बने गेला, त्याला या महिन्यात सोळा वर्षे होतील. दुसरी जागा रिकामी आहे. कागद माझ्या एकट्याच्या नावावर आहे. लावॉन मला सोडून चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावात राहते. ती जागा मिळावी म्हणून तिने मला आधी चार पत्रे लिहिली. पहिल्या तीन पत्रांना मी उत्तर दिले नाही. चौथ्याला लिहिले की विचार करतो. पाचवे पत्र तीन आठवड्यांपूर्वी आले. ते तिने नर्सकडून लिहून घेतले आहे, कारण तिची नजर गेली आहे. डॉक्टरांनी तिला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. पत्रात एवढेच आहे: "जागेचं काय ते सांग. मला आता थांबता येणार नाही."

त्या पत्रामुळे मी बेथकडे गेलो. ती जागा कोणाला मिळणार, हे या कागदात आहे.

कलम १. माझे राहते घर, गॅरेज आणि मागची झाडे विकून येईल ती रक्कम गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला द्यावी. माझा पुतण्या केंट रोस्टाद दर थँक्सगिव्हिंगला टर्की खायला येतो आणि जेवताना छताकडे बघतो. "काका, छत किती वर्षांचं झालं?" असे त्याने मागच्या पाच वर्षांत पाच वेळा विचारले. माझी तब्येत एकदाच विचारली, तीही छत बदलायचे ठरवले तेव्हा. केंटला गॅरेजमधली अॅल्युमिनियमची लांब शिडी द्यावी. छत हवे तितक्या जवळून बघता येईल.

कलम २. करवतींना धार लावायचे यंत्र, सगळ्या कानशी, करवत पकडायचे दोन्ही शिकंजे आणि कामाचे टेबल ट्रेसी होल्व्हिक हिला. तिचे दुकान महामार्गाला आहे. मी धार लावलेली करवत तिने एकदा माझ्यासमोर बोट फिरवून पाहिली आणि म्हणाली, "डेल्मर, डाव्या बाजूचे दात कमी लागलेत. डोळ्याचं बघा काहीतरी." मला राग आला होता. डोळ्यात मोतीबिंदू निघाला. यंत्राचा पट्टा दर दोन वर्षांनी बदलावा, आणि लाल डब्यातल्या कानशी कोणालाही उसन्या देऊ नयेत.

कलम ३. बँकेत असेल ते अंत्यविधीला. उरले तर चर्चच्या महिलामंडळाला, मात्र त्यांनी कॉफीत थोडी कॉफीही घालावी. पन्नास वर्षे मी त्यांचे गरम पाणी पीत आलो आहे.

कलम ४. स्टावेन येथील लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेला काहीही देत नाही. माझी टोपी, तिच्यावरची पदके आणि "माजी सैनिक ट्रेस्कॉटसोबत" असे लिहिलेला निळा बिल्ला मी वेंडेल ब्रेके याला देतो. वेंडेल वीस वर्षे लीजनचा प्रमुख होता. नौदलात तो जहाजावर स्वयंपाक करायचा. त्यात कमीपणा नाही, पण गावच्या परेडमध्ये तो असा चालायचा की समुद्र त्यानेच अडवून धरला होता. आता तो वृद्धाश्रमात आहे आणि त्याला काही आठवत नाही. बिल्ल्यासोबत याच मृत्युपत्राचे सहावे कलम त्याला रोज सकाळी न्याहारीच्या वेळी वाचून दाखवावे, असे मी सांगितले. रोज विसरेल, रोज नव्याने ऐकेल.

"हे मी लिहिणार नाही," बेथ म्हणाली.

"मी पैसे देतोय."

"दुसरा वकील बघा मग. आजारी माणसाला रोज छळायचं, असलं काही माझ्या सहीनं जाणार नाही."

बरेच बोलणे होऊन एकदाच वाचावे असे ठरले. एकदाच वाचावे, पण मोठ्याने. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

कलम ५. मी दोन गोष्टी केलेला माणूस आहे, लढाईत गेलो आणि मुलगा लढाईत घालवला. म्हणून अध्यक्ष कोणाला करावे हे मला इतरांपेक्षा जास्त कळते, असा समज या राज्यात आहे. चार वर्षांनी एकदा आयोवात उमेदवारांची टोळधाड येते, आणि ॲरन गेल्यावर ती माझ्या दारापर्यंत यायला लागली. एका हिवाळ्यात तीन उमेदवार माझ्या स्वयंपाकघरात बसून गेले. तिघांनी ॲरनचा फोटो हातात घेतला. तिघांनी तो आपला फोटोवाला तयार होईपर्यंत धरून ठेवला. एकजण निघताना विचारत होता, "सार्जंट, रविवारी मंचावर माझ्या मागे उभे राहाल का? बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं." मी उभा राहिलो. वर्तमानपत्रात माझा अर्धा कान आला. तो फोटो पुढच्या कोणत्याही उमेदवाराच्या हाती देऊ नये. तो कोणाकडे जाईल ते शेवटी येईल.

विचारतातच आहेत तर सांगून ठेवतो. जो उमेदवार "आपली पोरं" म्हणतो, त्याला एका पोराचे नाव विचारावे. जो कधी गणवेशात नव्हता आणि तरी हात कपाळाला लावून सलाम करतो, त्याच्याकडून गाडीही विकत घेऊ नये. आणि गणवेशात होता म्हणून कोणाला निवडू नये. गणवेश मी पाहिला आहे. आमच्या तुकडीत एक लेफ्टनंट होता, चष्मेवाला, घाबरट, तेवीस वर्षांचा. पावसात आठ मैल चालवल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी नकाशा चुकीचा वाचला. परत फिरायचं." पोरे त्याला हसली, आईवरून बोलली. आम्ही परत फिरलो आणि अकराच्या अकरा जिवंत राहिलो. त्यानंतर एक कॅप्टन आला, छाती एवढी, आवाज तेवढा. त्यालाही वाट चुकल्याचे कळले होते, मी त्याच्या बाजूला होतो, मला दिसले. तो पुढे चालत राहिला, कारण सगळे बघत होते. तिथे आमचे चौघे मेले. मला लढाईतून एवढेच कळले आहे. सगळ्यांसमोर मागे फिरणारा माणूस निवडावा.

हे मला एकविसाव्या वर्षी समजले होते. साठाव्या वर्षी मी काय केले ते पुढच्या कलमात आहे.

कलम ६. हे कलम वेंडेलसाठी आहे आणि लावॉनसाठी आहे. बाकीच्यांनी वाचले तरी चालेल.

आता आमच्या पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची पद्धत बदलली. या वर्षी कार्ड टपालाने आले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी एका नावापुढे खूण केली आणि पाकीट डब्यात टाकले. चार मिनिटे लागली. कोणी पाहिले नाही. पण तेव्हा मतपेटी नव्हती, कागद नव्हता. कॉकसच्या, म्हणजे उमेदवार निवडायच्या सभेच्या, संध्याकाळी सगळे शाळेच्या व्यायामशाळेत जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. माणसे मोजली जात. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसे नसतील तो कोपरा बाद. मग अर्धा तास देत, त्यात बाद होणाऱ्यांनी इकडून तिकडून माणसे ओढून आणायची, नाहीतर स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. सगळे सगळ्यांना ओळखत. कोण कोणाकडे उभा आहे ते दंतवैद्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दिसे.

सोळा वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत ॲरन इराकमध्ये होता. लावॉनने सिनेटर लुंडी या बाईची बाजू घेतली होती. त्या बाईने सरळ सांगितले होते की निवडून आले तर पोरांना घरी आणीन. ती हरणार हे आम्हाला माहीत होते. तिला थंडी सोसत नव्हती आणि भाषण करता येत नव्हते. मी गव्हर्नर ट्रेस्कॉटचा आमच्या वस्तीतला प्रमुख होतो. ट्रेस्कॉट लीजनच्या सभागृहात आला तेव्हा गोळीबारातल्या आठवणी सांगत होता. मी विचारले, कुठे होता? तो म्हणाला, "तुम्हाला काय सांगायचं, सार्जंट, तुम्ही तर सगळं पाहिलंय." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो जर्मनीत कोठारात ब्लँकेटे मोजत होता, हे मला पुढच्याच आठवड्यात कळले. मी बिल्ला काढला नाही. लीजनच्या चौदाच्या चौदा जणांनी तो लावला होता.

म्हणून हे लिहून ठेवतो, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही: मतपेटी असती तर मी लुंडीबाईला मत दिले असते.

कॉकसच्या चार दिवस आधी ॲरनचा तळावरून फोन आला. लावॉन चर्चमध्ये होती. तो घाईत होता, मागे रांग लागली होती.

"बाबा, आई म्हणत होती तुम्ही ट्रेस्कॉटकडे आहात."

"लीजन तिकडे आहे."

"असू दे ना. तुम्हाला हवं तिथे उभे राहा. फक्त एक करा. आईला माणूस कमी पडला तर तिच्याकडे जा."

"ती बाई हरणार आहे रे."

"हरू दे. मी तिथे असतो तर आईशेजारी उभा राहिलो असतो. तिला मी बोललो नाही, इथं राजकारणाचं बोललेलं चालत नाही, आणि आई मग गावभर सांगत सुटेल. तुम्ही माझ्याऐवजी उभे राहा. राहाल?"

मी हो म्हणालो. स्पष्ट शब्दांत म्हणालो, नुसती मान हलवली नाही.

त्या संध्याकाळी व्यायामशाळेत बावन्न माणसे होती. बाद न होण्यासाठी आठ लागत होती. मोजायला डोरीन फ्येल्स्टाद होती, शाळेची जुनी मुख्याध्यापिका, तिच्या मोजणीत कधी चूक झाली नाही. ट्रेस्कॉटकडे तेवीस, तिसऱ्या उमेदवाराकडे बावीस आणि लुंडीच्या कोपऱ्यात, बास्केटबॉलच्या जाळ्याखाली, सात. लावॉन, दोन शिक्षिका, पाद्रीची बायको, एक कॉलेजातले जोडपे आणि म्हातारा ऑसमंडसन, जो हीटर तिथे होता म्हणून तिथे उभा होता.

अर्धा तास लावॉन कोपऱ्याकोपऱ्यात फिरली. स्वेटरच्या बाह्या वर केल्या होत्या, हातात तिने स्वतः भाजलेल्या वड्यांचा डबा होता. कोणी वडी घेतली, कोणी खांदे उडवले. आमच्या कोपऱ्यात मात्र ती आली नाही. डोरीनने "पाच मिनिटं!" असे ओरडून सांगितले, तेव्हा ती आपल्या जागी परत गेली आणि तिथून, मध्ये सगळे मैदान रिकामे असताना, तिने मला हाक मारली.

"डेल्मर. एकच कमी आहे. ये ना."

एक्कावन्न जणांनी माझ्याकडे पाहिले. मी एक पाऊल टाकले होते. हे कोणाला दिसले की नाही ठाऊक नाही, पण टाकले होते. तेवढ्यात वेंडेल ब्रेके मागून म्हणाला, "जा बाबा जा, मालकिणीनं बोलावलंय! नाही गेलास तर आज जेवण नाही!" आणि आमचा कोपरा हसला. तिसरा कोपराही हसला. कोणी तरी शीळ घातली.

मी ते पाऊल मागे घेतले.

लावॉनने पुन्हा हाक मारली. या वेळी नुसते नाव. मी ट्रेस्कॉटच्या फलकाकडे बघत उभा राहिलो. मैदान साठ फूट असेल. व्हिएतनाममध्ये मी याहून मोठी मोकळी मैदाने गोळ्या चालू असताना ओलांडली आहेत, त्याचे पदक त्या टोपीवर आहे. ती टोपी मी तेव्हा घातलेली होती.

डोरीन म्हणाली, "सात. बाद." लावॉनच्या माणसांनी आपापले कोट उचलले. ती कोणत्याच कोपऱ्यात गेली नाही. वड्यांचा डबा तिने कचऱ्यात टाकला, डब्यासकट.

वेंडेल, हे तुला कोणी वाचून दाखवत असेल तर नीट ऐक. तू चेष्टा केलीस म्हणून मी थांबलो असे मी सोळा वर्षे स्वतःला सांगितले. तुझा दोष एवढाच की तू मूर्ख आहेस, आणि ते गावाला आधीपासून माहीत होते. थांबलो मी.

कलम ७. नऊ दिवसांनी ॲरनचा पुन्हा फोन आला. मी उचलला. "आईनं सांगितलं," तो म्हणाला. मागे कोणी तरी त्याला लवकर आटप म्हणत होते. मग म्हणाला, "ठीक आहे, बाबा. थंडी किती आहे तिकडं?" मी सांगितले, शून्याखाली वीस. तो म्हणाला, "पाइपांचं बघा, गोठतील." ते आमचे शेवटचे बोलणे. त्याने आईला काही सांगितले नाही. मी त्याला शब्द दिला होता आणि मोडला होता, हे त्याने मरेपर्यंत झाकून ठेवले.

मार्चमध्ये तो गेला. एक माणूस इकडून तिकडे गेल्याने तो वाचला असता, असे लावॉनही कधी म्हणाली नाही. ती वेडी नव्हती. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव आणि कॉफी होती. सगळे गाव होते. ती माझ्यासमोर ताट घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "एकच कमी होता, डेल्मर. मी तुला हाक मारली होती. का नाही आलास?"

उत्तर मला ठाऊक होते. लाज वाटली म्हणून. तीन शब्द होते. त्याऐवजी मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण तळघरात ते सगळ्यांनी ऐकले आणि ते खोटे होते हे सगळ्यांनी वाचले पाहिजे. मी म्हणालो:

"ॲरन सैनिक होता. तो माझ्या बाजूला उभा राहिला असता. तुझ्या त्या बाईपायी त्याला तिकडे मान खाली घालावी लागत होती. मला फोनवर म्हणाला तो. म्हणाला, आईला सांगा, माझी लाज काढू नको."

लावॉनने ताट टेबलावर ठेवले. तिने विचारले, "असं म्हणाला?"

मी म्हणालो, "असंच."

ती दीड महिन्याने घर सोडून गेली. मुलाला आपली लाज वाटत होती, हे मानून ती सोळा वर्षे जगली. दर मार्चला ती दफनभूमीत येते. पूर्वी स्वतः गाडी चालवत यायची, आता कोणी तरी आणते. मी दुकानाच्या खिडकीतून बघतो. ती दगडाजवळ जात नाही. कुंपणापाशी उभी राहते आणि परत जाते. मला वाटायचे माझ्यामुळे जवळ जात नाही. दुसऱ्या पत्रात तिने लिहिले होते, "त्याला मी शेजारी चालेन की नाही, ठाऊक नाही. पण मला दुसरीकडे जाववणार नाही." हे वाचून मी पत्र घडी करून खणात ठेवले आणि करवतीला धार लावायला बसलो.

कलम ८. नवव्या ओळीतली रिकामी जागा आणि ॲरनचा फोटो लावॉनला. कोणतीही अट नाही. मला दे मॉइन शहराच्या बाजूला सरकारी सैनिक दफनभूमीत पुरावे. तिथे जागा फुकट मिळते, दगड सगळे सारखे असतात आणि शेजारी कोण आहे याची कोणाला पडलेली नसते.

हे लिहून झाल्यावर बेथने पेनाला टोपण लावले.

"डेल्मर, हे तुम्ही गेल्यावर उघडणार."

"मृत्युपत्र आहे. तसंच असतं."

"तिला उन्हाळ्यापर्यंतची मुदत आहे. तुमचं हृदय माझ्यापेक्षा धडधाकट आहे. ती तुमच्या आधी जाणार. मग हे कोणासाठी लिहितोय आपण?"

मी म्हणालो, लिहून तर झाले.

"नंबर आहे माझ्याकडे. आत्ता फोन लावते. तुम्ही फक्त बोला."

"नाही."

"का?"

"ती काहीतरी म्हणेल."

बेथने मला जे म्हटले ते तिने स्वतःच्या हाताने गाळले आहे. वकिलाने मृत्युपत्रात शिव्या घालायच्या नसतात.

दोन दिवस मी घरी बसलो. तिसऱ्या दिवशी परत गेलो आणि पुढचे कलम लिहायला सांगितले.

कलम ९. आठवे कलम मी मरेपर्यंत थांबणार नाही. जागेचा कागद मी आज लावॉनच्या नावे करून दिला आहे, सही झाली आहे. बेथने तो कागद, ॲरनचा फोटो आणि या मृत्युपत्राची कलमे सहा ते नऊ घेऊन उद्या सकाळी लावॉनकडे जावे आणि तिला दिसत नसल्यामुळे वाचून दाखवावीत. काही गाळू नये. ती मध्ये थांबवेल तर थांबावे, आणि म्हणेल तेव्हा पुढे वाचावे.

बेथने विचारले, "तुम्ही येणार?" मी नाही म्हणालो. गाडीत तरी बसा, खाली थांबा, म्हणाली. त्यालाही नाही म्हणालो. मी कसा आहे ते लावॉनला माहीत आहे. शेवटच्या महिन्यांत तिला मी समोर नको आहे, आणि मला क्षमा मिळावी म्हणून हे लिहिलेले नाही. ती मी मागणार नाही आणि तिने देऊही नये. तिने मला शिव्या दिल्या तर बेथने लिहून आणाव्यात, त्या मी वाचेन.

लावॉन, मी खोटे बोललो. ॲरनने तुझ्याबद्दल तसे काही म्हटले नव्हते. फोनवर तो काय म्हणाला ते वर शब्द न् शब्द लिहिले आहे. तू दगडापर्यंत जा. त्याला तू शेजारी चालशील. डोरीनने त्या दिवशी चुकीचे मोजले, कारण तिला ठाऊक नव्हते. तुझ्या कोपऱ्यात ॲरन धरून तुम्ही आठ जण होता.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने सही करून दिले.

(सही) डेल्मर ऑर्विन रोस्टाद

साक्षीदारांचे निवेदन: वरील इसमाने आमच्यासमोर सही केली. त्या वेळी तो पूर्ण शुद्धीत होता. मृत्युपत्राची पहिली पाने त्याने स्वतः मोठ्याने वाचली. सहाव्या कलमापासून पुढे वाचण्यास त्याने वकीलबाईंना सांगितले आणि ते वाचून होईपर्यंत तो उभा राहिला. त्याला खुर्ची देण्यात आली होती. ती त्याने नाकारली.

(सही) लोइस ट्वेट, टपाल कचेरी, स्टावेन
(सही) ड्वेन हेग्लंड, केशकर्तनालय, स्टावेन

मसुदा व साक्षांकन: (सही) बेथ ओपडाल, वकील

ठिकाण: स्टावेन, आयोवा
दिनांक: ११ मार्च २०२४